खुंटीवरचा बटवा

गुलाम नबी मिस्त्रीची जमिला म्हणजे वणीतली एक नंबरची हट्टी पोरगी. हे मी नाही म्हणत, तिची दादी रहमतबी म्हणायची, आणि रहमतबीचा शब्द वणीत कोणी खाली पडू देत नव्हतं. देणार तरी कसं? गावातल्या अर्ध्याअधिक माणसांना या जगात पहिला हात लागला तो तिचाच. कोणी जास्त शहाणपणा करायला लागलं की म्हातारी म्हणायची, "चूप राय. तुले उलटा धरून मीच रडवलं होतं." मग शहाणा चूप.

रहमतबी दाई होती. वणीपासून मारेगावपर्यंत आणि तिकडे झरी-जामणीच्या जंगलातल्या गावांपर्यंत तिला बोलावणं यायचं. कोणी बैलबंडी पाठवायचं, कोणी नुसताच धावत यायचं. ती म्हणायची, "कळा सुरू झाल्या का जात कोनी इचारत नाई. पोरगं रडलं का मंग इचारतात. तोवर मी घरी निघून येतो."

तिचा एक बटवा होता. जाड मांजरपाटाचा, तोंडाला काळी नाडी. आत कात्री, सूत, ओवा, बाळंतशोपा, हळकुंड, आणखी काय काय. बटवा हातात नसला तर ती बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकत नसे. आणि या बटव्याचा एक कायदा होता. कोणा बाईला नववा लागलेला असला आणि रहमतबीला परगावी लग्नाला, मयतीला, उरुसाला जायची वेळ आली, की ती आधी त्या बाईच्या घरी जायची आणि बटवा तिच्या भिंतीवरच्या खुंटीला टांगून द्यायची. "हा हितं हाय म्हंजे मी हितंच आहो समज." बाई निर्धास्त. बटव्याला घरातलं कोणी हात लावत नसे, गाठ सोडणं तर दूरच. चाळीस वर्षांत असं एकदाही झालं नाही की बटवा खुंटीवर राहिला आणि म्हातारी आली नाही.

छप्पन्न साली दिवाळीच्या सुमारास जमिलाची आई बाळंतपणात गेली. सासूच्याच हातात गेली. रक्त थांबेना. रहमतबीनं येत होतं ते सगळं केलं, आणि येत होतं ते पुरलं नाही. पोरही गेलं. शेकडो बायांना मोकळं करणाऱ्या त्या हातांना घरची सून वाचवता आली नाही. जमिला तेव्हा सोळा वर्षांची. ती दाराबाहेर गरम पाण्याचं पातेलं धरून उभी होती, आणि आत कोणी पाणी मागितलंच नाही.

चार महिने म्हातारी बोलली नाही. एक दिवस गुलाम नबी कापसाच्या जिनिंगमधून जेवायला घरी आला तर ती चुलीपाशी बसलेली.

"पोट्टीले नागपूरले पाठव. नर्सचं शिकू दे."

"अम्मा, मोहल्ल्यातले लोक काय म्हनतीन?"

"मोहल्ल्यातल्या लोकाइले मी एकेकाले उलटा धरला हाय. मले जे आलं नाई ते तिले येऊ दे."

गुलाम नबी मिस्त्री तेल-इंजिनांचा डॉक्टर. जिनिंगचं इंजिन नुसतं कान लावून ऐकायचा आणि कुठला वॉशर गेला ते सांगायचा. माणूस सरळ. इंजिन झालं नसेल तर झालं असं त्याच्या तोंडून मेलं तरी निघायचं नाही. त्यानं आईकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि जेवण तसंच टाकून नागपूरच्या गाडीची वेळ विचारायला गेला.

जमिला शिकली. एकसष्ट साली मारेगावच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागली. पांढरी साडी, पायात काळे बूट, डोक्यावर पदर. बायांना ती भराभर आवडायला लागली, कारण ती रागवायची. "काल काहून नाई आली? पाय सुजले तरी घरी बसली? मरतं का?" असं मायेनं रागवणारं माणूस बायांना कुठं भेटतं हो.

तिथंच तिला कांताबाई भेटली. उकंडाची बायको. छप्पन्नच्या दीक्षेनंतर बौद्ध झालेली घरं मारेगावच्या ज्या वस्तीत होती, तिथं राहायची. पहिलं पोर तिचं अडून गेलं होतं. दुसऱ्या वेळी जमिला स्वतः हजर होती. पोर पायाळू, म्हणजे पाय आधी आलेले, डोकं अडकलेलं. जमिलानं कांताबाईला वाचवलं, पोराला नाही. कांताबाई रडली नाही. नुसती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बाई, माह्या नशिबी पोरगं नाई, एवढं सांगून टाक, म्हंजे मी वाट पाह्यचं सोडतो."

जमिलानं मनाशी गाठ मारली: हे कसं सोडवायचं ते कोणाला तरी येत असेल, आणि ते मी शिकणार. तपासणीला येणाऱ्या एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंच्या ती मागेच लागली. वर्षभर लागली. शेवटी त्रेसष्ट साली त्या बाईंनी पत्रव्यवहार करून अमेरिकेतल्या एका विद्यापीठात तिची जागा लावून दिली. अडलेल्या बाळंतपणाचा एक वर्षाचा अभ्यास, सगळा भार तिकडचा. बोटीचं तिकीटही त्यांचंच.

गावात मग काय, चर्चेला ऊत. पानठेल्यावर, नळावर, जिनिंगच्या फाटकात. "मिस्त्री, पोरगी मेमसाहेब होनार आता!" "अमेरिकेले गेलेलं कोनी परत आलं हाय का? गेली म्हंजे गेली." गुलाम नबी हसून सोडून द्यायचा. जमिला सोडून देत नसे. "मी येनार आहो," ती तिथंच थांबून सांगायची, "अन तुमच्या सुनंचं बाळंतपन मीच करनार आहो. तवा गोड बोला माह्याशी."

बापानं एकच अट घातली होती, व्हिसा काढायला मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मी सोबत येणार. वणीहून माजरी, माजरीहून वर्धा, वर्ध्याहून मुंबई. लग्नाकार्याची शेरवानी त्यानं मुंबईच्या उकाड्यात गळ्यापर्यंत बंद करून घातली होती. नखांतलं इंजिनचं तेल मात्र साबणानं निघालं नव्हतं.

वकिलातीतला साहेब उंच, तोंडभर वांगाचे ठिपके, आवाज शांत. शेजारी एक दुभाषी, मुंबईचाच, टाय लावलेला. साहेबानं जमिलाला इंग्रजीत विचारलं, काय शिकणार, कुठं काम करते. ती नर्सच्या इंग्रजीत नीट बोलली. साहेब मान हलवत होता.

"आणि शिकून झाल्यावर?"

"परत येणार."

"कशावरून?"

आता या प्रश्नाला काय म्हणावं? जमिला क्षणभर गडबडली. "मी सांगते म्हणून," ती म्हणाली.

साहेब हसला, वाईट नाही हसला. दुभाष्यानं समजावून सांगितलं. "बाई, या खुर्चीवर बसणारा प्रत्येक जण हेच सांगतो. कायदा असा आहे की शिकणाऱ्याला तिकडं राहायचं नाही, शिकून आपल्या घरी यायचंय, याची साहेबांची खात्री पटली पाहिजे. ती तुम्ही पटवायची. नवरा आहे?" नाही. "आई?" नाही. "शेत, घर, स्वतःच्या नावावर काही?" नाही. प्रत्येक नाहीबरोबर साहेबाची पेन्सिल कागदावर एक छोटी रेघ ओढत होती.

मग साहेब गुलाम नबीकडे वळला. दुभाष्यानं विचारलं, "तुम्ही वडील. वर्षभरानं ही तुमच्या घरी राहायला परत येईल, अशी तुमची खात्री आहे?"

गुलाम नबीनं विचार केला. त्याला वाटलं, आपल्या खानदानाची, आपल्या रीतीची परीक्षा चालली आहे. तो ताठ बसला.

"साहेब, खोटं कायले बोलू? पोरगी कोनाच्या बापाच्या घरी राह्यली हाय आजवर? बापाचं घर म्हंजे तिचा चार दिवसाचा मुक्काम. तिले जायाचंच असते. जिकडं नशीब नेईन तिकडं तिचं घर. आमी तिले आडवनारे लोक नाई."

दुभाषी थबकला. त्यानं एकदा जमिलाकडे पाहिलं, मग इमानेइतबारे सगळं इंग्रजीत सांगितलं. साहेबानं या वेळी रेघ ओढली नाही, ओळ लिहिली. अहो, सोयरिकीच्या बैठकीत हेच वाक्य बोलला असता तर चार म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या असत्या, काय बाप आहे म्हणून! पण ही बैठक सोयरिकीची नव्हती.

व्हिसा मिळाला नाही. परत येण्याचा काही पुरावा महिन्याच्या आत आणता आला तर पुन्हा या, असं सांगण्यात आलं. बाहेरच्या जिन्यावर दुभाषी हळूच म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही स्वतःच्या हातानं दार लावून घेतलंत."

भुसावळ येईपर्यंत जमिला बापाशी बोलली नाही. भुसावळला त्यानं कुल्हडातला चहा पुढे केला तेव्हा फुटली.

"अब्बा, मी तुमच्या घरी चार दिवसाची पाहुनी आहो?"

"तसं नाई व बेटी. मी रीत सांगतली."

"त्यानं रीत नव्हती इचारली. मी येईन का नाई, एवढंच इचारलं होतं. तुमाले ठावूक नाई, मी येनार आहो?"

गुलाम नबी खिडकीबाहेर पाहत बसला. त्याला ठाऊक होतं. पण विचारलं त्याचं खरं उत्तर त्यानं दिलं होतं, आणि तेच पोरीच्या मुळावर आलं होतं. वर्ध्यापर्यंत त्याचा चहा तसाच निवत राहिला.

घरी आल्यावर सल्ले देणारे जमा झाले. आपल्याकडे माणूस अडलं की सल्ल्याला तोटा नाही. पहिला सल्ला आला आत्याकडून: माह्या जफरशी निकाह लावून टाका. नवरा हितं, बायको तिथं, मंग येईनच की झक मारत! जफर चांगला होता बिचारा, यवतमाळला कापडाचं दुकान सांभाळायचा, जमिलाचं त्याच्याशी काही वाकडं नव्हतं. पण ती म्हणाली, "फुफू, जफर मानूस हाय. मले बांधायचा खुंटा नाई तो." दुसरा सल्ला कचेरीत ऊठबस असलेल्या एका भल्या गृहस्थाचा: पंधरा एकराचा कागद पोरीच्या नावावर तयार करून देतो, साहेब काय शेत मोजायला येणार आहे का?

या दुसऱ्या सल्ल्याला गुलाम नबी नाही म्हणाला नाही. जन्मात खोटं न बोललेला माणूस, पण आपणच बिघडवलं ते आपणच नीट करावं, या विचारानं त्याची नियत डगमगली. जमिलानं ते पाहिलं आणि तिला त्याचा राग येण्याऐवजी रडूच आलं.

"नाई अब्बा. खोट्या कागदावर गेली, त माहं परत येनं बी खोटंच होईन. मी खरं सांगून जाईन, नाई त जानार नाई. पन मी जानार आहो."

रहमतबी बाजेवर बसून ऐकत होती. तिला आता डोळ्यांनी फक्त उजेड-अंधार कळायचा. ती म्हणाली, "त्या साहेबावर चिडता कायले? कशावरून येशीन, हे बरोबर इचारलं त्यानं. मले बी बाया तेच इचारत होत्या."

"मंग तू काय सांगत होती, दादी?"

"मी सांगत नव्हती. टांगत होती."

ती उठली, भिंत चाचपत गेली, आपल्या खुंटीवरचा बटवा काढला आणि जमिलाच्या हातात ठेवला. "आता हा तुहा. कोनाच्या घरी टांगतं ते तू पाह्य."

जमिलाला फार पाहावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी ती मारेगावला उतरली ती दवाखान्यात न जाता थेट कांताबाईच्या घरी गेली. कांताबाई भाकरी थापत होती, उकंडा ओसरीवर दोरी वळत बसलेला. जमिलानं आल्या आल्या भिंतीवरची खुंटी पाहिली, उकंडाचा सदरा काढून खाली ठेवला आणि बटवा टांगला. काळ्या नाडीची गाठ तिनं स्वतः मारलेली होती, नर्सा मारतात तशी, दुहेरी.

"हे काय व बाई?" कांताबाईचे हात पिठातच थांबले. वस्तीतल्या प्रत्येक बाईला त्या बटव्याचा कायदा माहीत होता.

"एक साल थांब. तुह्या पोराची अडलेली वाट कशी सोडवायची ते शिकून येतो. तुह्यासाठीच चालली मी. तोवर हा हितं राहीन."

"पन मले कुठं दिवस हायेत? मले पोरगंच नको आता."

"नको का भेव हाय?"

कांताबाई पदरानं डोळे पुसता पुसता हसली. "अन साल भर थांबनं काय माह्या एकटीच्या हाती हाय का, बाई?" उकंडाला एकदम बैलांना पाणी दाखवायची आठवण झाली, आणि तो दोरी टाकून निघून गेला. दोघी त्याच्या पाठीकडे पाहून कितीतरी वेळ हसत होत्या.

महिना संपायला चार दिवस होते तेव्हा बाप-लेक पुन्हा त्याच खोलीत. तोच साहेब, तोच दुभाषी. दुभाष्यानं गुलाम नबीला पाहिलं आणि कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. जमिलानं दवाखान्याचं पत्र पुढे केलं: जागा वर्षभर राखून ठेवू. साहेबानं वाचलं.

"चांगलं पत्र आहे. पण ते तुमची वाट पाहतील, एवढंच यावरून कळतं. तुम्ही याल असं नाही कळत."

तेव्हा जमिलानं बटव्याचं सांगितलं. इंग्रजी जिथं संपली तिथं मराठीत सांगितलं. दादीचा कायदा, आईचं जाणं, कांताबाईची दोन पोरं, खुंटी. दुभाषी सांगता सांगता एके ठिकाणी अडखळला, टायची गाठ सैल करून पुन्हा बोलला. साहेबानं पेन्सिल खाली ठेवली होती.

"दाखवा," तो म्हणाला. "कुठंय ती पिशवी?"

"आणली नाही."

"पुराव्यासाठी एवढ्या दुरून आलात, आणि पुरावाच आणला नाही?"

"हितं आनला असता त तो पुरावा राह्यला नसता, साहेब," जमिला म्हणाली. "तिथं खुंटीवर हाय, म्हून त पुरावा हाय."

दुभाष्यानं हे सांगायला थोडा वेळ घेतला. त्याचं सांगून होतं न होतं तोच गुलाम नबीनं हात वर केला, शाळेतल्या पोरानं करावा तसा. जमिलानं बापाची बाही ओढली. दुभाष्यालाही ओढावीशी वाटली असणार.

"साहेब, मांगच्या टायमाले तुमी बापाच्या घराचं इचारलं, मी बापाच्या घराचं सांगतलं. लेक बापाच्या घरी राहात नाई, हे खरंच हाय. पन दाई कोनाच्या घरी राह्यते? जिथं बाई अडली तिथं तिचं घर. मी लहान होतो तवा माही माय बटवा कोनाच्या घरी टांगून गावाले जाये. मी दारात बसून रडू, ही आता येत नाई म्हून. माहा बाप म्हने, अरे, बटवा खुंटीवर हाय, माय कुठं जाते? अन ती येतच होती. हे पोट्टी तिचीच हाय. मी त्या दिवशी तुमाले रीत सांगतली. आज माहं मन सांगून राह्यलो. ही येते."

दुभाष्यानं तेही इमानेइतबारे सांगितलं. साहेबानं फाईल ओढली, उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"मी रोज हा प्रश्न विचारतो," तो म्हणाला. "जे परत येतात ते मला सांगायला येत नाहीत. त्यामुळं माझा अंदाज बरोबर होता का चूक, ते मला कधी कळतच नाही."

"मी कळवीन," जमिला म्हणाली.

साहेबानं शिक्का मारला. एक वर्षाचा.

ते वर्ष कसं गेलं हे जमिलानं पुढे कधी फार सांगितलं नाही. शिकली, एवढंच म्हणायची. पण एक गोष्ट तिनं दादीला सांगितली होती, आणि ती मी लपवत नाही. मे महिन्यात तिथल्या इस्पितळाच्या मोठ्या नर्सबाईंनी तिला बोलावून घेतलं. म्हणाल्या, तुझे हात चांगले आहेत, आम्हाला माणसं कमी पडतात, इथंच राहा, कागदांचं आम्ही बघू. जमिलानं नाही म्हटलं नाही. उद्या सांगते म्हणाली. खोटं कायले बोलू, तिचं मन डगमगलं. नळाला गरम पाणी. हाताशी रक्ताच्या बाटल्या. आठ महिन्यांत त्या वॉर्डात एकही बाई मेली नव्हती, एकही. आई तिथं असती तर जगली असती, हे तिला रोज दिसत होतं. त्याच आठवड्यात उकंडाचं पत्र आलं.

"नर्सबाईंना उकंडाचा जयभीम. कळविण्यास कारण की कांताला दिवस राहिले आहेत. आम्ही थांबायचे ठरविले होते, पण राहून गेले. गणपतीच्या सुमारास होईल. ती फार भिते. वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात चल म्हणतो तर ऐकत नाही. म्हणते, माझ्या घरात बटवा आहे, मी कुठे जात नाही. तुम्हीच तिला लिहा."

जमिलाला असा राग आला की पत्र चुरगळलं तिनं. "येडी कुठली! वर्ध्याले जायाचं सोडून!" मग तेच पत्र मांडीवर ठेवून सरळ केलं. तिथल्या नर्सबाईंना तिनं जाऊन नाही म्हणून सांगितलं, आणि कांताबाईला दोन ओळींचं पत्र टाकलं: मी नाही पोचली तर वर्ध्याला जायचं, माझी शपथ. पण मी पोचते. ऑगस्टात परीक्षा झाली. प्रमाणपत्रं वाटायच्या समारंभाला थांबली असती तर बोट चुकली असती. प्रमाणपत्र टपालानं पाठवा म्हणाली आणि निघाली.

मुंबईच्या धक्क्यावर गुलाम नबी उभा होता, तीच शेरवानी. गाडीत त्यानं भुसावळला चहा घेतला आणि या वेळी दोघांनी तो गरम गरम प्यायला. वणी स्टेशनवर उतरल्या उतरल्या जमिला म्हणाली, "घरी नाई. मारेगाव." जिनिंगचा ट्रक बापानं आधीच सांगून ठेवला होता. तो स्वतः चालवत होता, चिखलातून, आणि इंजिनचा आवाज ऐकत ऐकत पुटपुटत होता, चाल माह्या राजा, चाल.

वस्तीत पोचले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. कांताबाईच्या कळा पहाटेपासून चालू. दारात बायांचा घोळका, आणि उकंडा वणी स्टेशनापर्यंत न्यायला बैलबंडी जुंपून उभा, कारण ती आता तरी वर्ध्याला चल म्हटलं तर येईल असं त्याला वाटत होतं. ती येत नव्हती. बाया बाजूला झाल्या. जमिला आत गेली. खुंटीवर बटवा होता. वर्षभराची धूळ चढली होती, आणि काळ्या नाडीला तिचीच दुहेरी गाठ होती.

"आली का व?" कांताबाई दात आवळून म्हणाली. "मी म्हनतच होती याइले."

"बोलू नको. पानी ठेवा कोनी, गरम." जमिलानं गाठ सोडली.

याही वेळी पाय आधी. बाहेर उकंडा आणि गुलाम नबी एकाच दगडावर बसले होते, दोघं एकमेकांकडे न पाहता. आत जमिलाचे हात चालले होते, घाई न करता, शिकवलं तसे आणि दादीचे चालायचे तसे. "आता जोर नको लावू. थांब म्हनलं ना! आता. आता लाव." दुपारी बारा-साडेबाराला पोर रडलं. मुलगी होती. कांताबाईनं तिचं तोंड पाहिलं आणि दोन पोरांमागे जी रडली नव्हती ती बाई आता धाय मोकलून रडली. जमिलाही रडली. सोळाव्या वर्षापासून तिचं आईसाठी रडायचं राहिलंच होतं.

संध्याकाळी घरी रहमतबीनं बटवा हातात घेऊन चाचपला. "गाठ कोनी सोडली?"

"मीच, दादी."

"मंग ठीक हाय," म्हातारी म्हणाली, आणि बटवा तिनं आपल्या खुंटीला न लावता जमिलाच्या हातात परत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमिलानं पोस्टकार्ड घेतलं आणि वकिलातीच्या पत्त्यावर इंग्रजीत एक ओळ लिहिली: साहेब, मी परत आले आहे, आजपासून मारेगावच्या दवाखान्यात कामावर आहे. खाली सही. गुलाम नबी शेजारी उभा राहून पाहत होता.

"माह्याकडून बी लिही. मराठीत लिही, तो टायवाला वाचून सांगीन."

"काय लिहू?"

"लिही, साहेब, माहं पह्यलं उत्तर चुकलं होतं. लेक घरी आली."

तिनं लिहिलं. कार्ड त्यानं तिच्या हातून घेतलं, पेटीत न टाकता थेट पोस्टाच्या खिडकीशी गेला आणि पोस्टमास्तरपुढे ठेवलं.

"मास्तर, माह्या समोर शिक्का मारा. अन पुसट नका मारू. गावाचं नाव वाचता आलं पाह्यजे."

मास्तरनं शिक्का शाईवर दोनदा दाबला आणि कार्डावर मारला. गुलाम नबीनं कार्ड उजेडात धरून पाहिलं. वणी. स्वच्छ वाचता येत होतं.